बेंचमार्किंग करायचं ठरलंय, पण आपलं कॉलेज ताडून पाहायचं कोणाशी?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका पदवी महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवते. यंदा कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता समितीत, म्हणजे आयक्यूएसीत, माझी वर्णी लागली आणि पहिल्याच बैठकीत ठराव झाला: 'गुणवत्तावाढीसाठी बेंचमार्किंग करावे.' ठराव इतिवृत्तात गेला, काम माझ्याकडे आलं.

नाताळच्या सुट्टीत आसपासच्या कॉलेजांचे एसएसआर, म्हणजे दर्जा ठरवणाऱ्या नॅक परिषदेला त्यांनी दिलेले स्वमूल्यमापन अहवाल, वाचून काढले आणि तक्ता केला. कोणाची ग्रेड काय, निकाल किती टक्के, पीएचडी झालेले शिक्षक किती, लायब्ररीत पुस्तकं किती. तक्ता छान झाला. पण तो समोर ठेवला तरी सोमवारी सकाळी सातच्या एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) तासाला मी वेगळं काय करायचं, ते काही त्यातून कळेना.

आमचं दुखणं असं. एफवायबीएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला गणित-संख्याशास्त्रात बऱ्याच मुलांना केटी लागते, म्हणजे विषय राहतो, आणि त्यातली काही दुसऱ्या सेमिस्टरला दिसतच नाहीत. ती कुठे जातात, हे कुठल्याच रकान्यात नाही. खाडीपलीकडच्या, नवी मुंबईतल्या एका कॉलेजात हाच विषय, हाच अभ्यासक्रम, पण निकाल आमच्यापेक्षा बराच चांगला.

माझे प्रश्न दोनच. तुलना करायची ती कोणाशी? आणि अशा तुलनेमुळे तुमच्या कॉलेजात प्रत्यक्ष वर्गात काही बदललं असेल, तर काय बदललं?

मिसळपंथी
ठाण्यात राहून बेंचमार्क विचारताय? मामलेदार! नवी मिसळ कुठेही निघो, पहिला घास घेतला की आपला ठाणेकर म्हणणार, 'मामलेदारची सर नाही.' :)

बेलापूर_किल्ला
खाडीकाठताई, प्रश्न फार चांगला मांडलात. मी प्राचार्य म्हणून निवृत्त झालो, नॅकच्या तीन फेऱ्या अंगावर घेतल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नॅक १९९४ साली आली. माझ्या वेळी सात निकष होते. आपल्यासारख्या संलग्न महाविद्यालयांना १००० पैकी ३५० गुण एकट्या 'अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन' या निकषावर मिळत, म्हणजे वर्गात काय चालतं त्याला सगळ्यात मोठा वाटा. आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ मात्र फोटो जिओटॅग करण्यात आणि फाइलींना रंगीत पाठी चिकटवण्यात गेला. याची खंत मला आजही आहे.

दुसरं म्हणजे ग्रेड. चारपैकी ३.५१ किंवा जास्त असेल तर ए डबल प्लस मिळे. मुंबई विद्यापीठाला २०२१ साली ३.६५ मिळाले, अभिमान वाटला. पण ग्रेड ही सगळ्यांची मिळून एक बेरीज असते. ३.१ आणि ३.३ यांतला फरक कशामुळे पडला, हे बेरजेतून दिसत नाही. ग्रेडशी तुलना म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाची टक्केवारी विचारून घरी येऊन आपल्या मुलाला ओरडणं.

कोणाशी तुलना करायची? आपल्या कुळीच्या कॉलेजाशी. फी साधारण तेवढीच, मुलं त्याच थरातून येणारी, तुकडीत संख्या तेवढीच. सेंट झेवियर्सशी नको आणि आयआयटीशी तर नकोच. आणि विषय एकच घ्या. सात निकष एकदम हाती घेतलेत तर सातही हातात राहणार नाहीत.

रबाळे_एमआयडीसी
मी शिक्षणक्षेत्रातला नाही, कारखान्यात क्वालिटी बघतो. हा शब्द आमच्याकडून तुमच्याकडे आला, म्हणून त्याची जन्मकथा सांगतो.

झेरॉक्स कंपनी. जिच्या नावाने आपण कोपऱ्यावरच्या दुकानात कागदाची नक्कल काढतो, तीच. सत्तरच्या दशकाच्या शेवटी जपानी मशिनं बाजारात ज्या किमतीला विकली जात होती, तेवढा झेरॉक्सचा नुसता बनवण्याचा खर्च होता. १९७९ पासून त्यांनी जपानी मशिनं उघडून भागाभागाची तुलना सुरू केली. पण मला आवडतो तो त्यापुढचा भाग. गोदामातून माल काढून पाठवण्याचं काम संथ होतं, तेव्हा ते दुसऱ्या कॉपियर कंपनीकडे गेले नाहीत. ते गेले एल. एल. बीन या बूट आणि कपडे टपालाने विकणाऱ्या कंपनीकडे, कारण वेगवेगळ्या आकाराच्या वस्तू हाताने पटापट उचलून पॅक करण्यात ती माणसं तरबेज होती.

तेव्हा प्राचार्यसरांशी थोडा मतभेद. 'आपल्या कुळीचं' हे संस्थेबाबत नको, कामाबाबत बघा. मुलांना वेळेवर फोन करून परत बोलावण्याचं काम आहे ना? ते चांगलं करणारी एखादी नाइट स्कूल असेल, क्लासवाला असेल, नाहीतर लसीकरणाचा पाठपुरावा करणाऱ्या आशाताई असतील. त्यांच्याकडे जा, दिवसभर बसा, बघा.

वर्तकनगर
आशाताईंचं उदाहरण जबरदस्त. +१

उपवन_तलाव
मी या सगळ्याच्या विरोधात आहे आणि मनापासून आहे. मराठी साहित्य शिकवतो. आकडा एकदा प्रतिष्ठेचा झाला की माणसं काम सोडून आकडा सुधारायला लागतात.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचंच बघा. २०२२ च्या सुरुवातीला त्यांच्याच गणित विभागातले प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी जाहीरपणे दाखवून दिलं की, विद्यापीठाने रँकिंगसाठी दिलेले आकडे जुळत नाहीत. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग ८० टक्क्यांहून जास्त, असा विद्यापीठाचा दावा होता. त्यांनी विद्यापीठाच्याच वेळापत्रकातून एकेक वर्ग मोजला, तर तेवढे निघेनात. पुढे विद्यापीठाने चूक मान्य केली आणि त्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. वर्गात शिकवणं एका वर्षात सोळा पायऱ्या घसरलं का? नाही. आधीही ते तितकं वर नव्हतं.

आणि हे दूरचं वाटत असेल तर २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांना सीबीआयने लाचेच्या प्रकरणात अटक केली, ते आठवा. जिथे ग्रेडवर प्रवेश आणि निधी अवलंबून, तिथे हे होणारच.

ट्रान्सहार्बर
मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, आहे. सकाळी ठाण्यात दोन तास, मग ट्रान्सहार्बर लोकल पकडून वाशीला दोन तास. तासाप्रमाणे मानधन, तेही कधी दिवाळीनंतर. दोन्ही कॉलेजं मला माझ्या तासापुरती ओळखतात.

खाडीकाठ मॅडम, तुमच्या तक्त्यात 'शिक्षक किती' हा रकाना आहे. 'शिक्षक कॉलेजात किती वेळ थांबू शकतो' हा रकाना घाला. मुलगा तास संपल्यावर शंका घेऊन येतो आणि मी म्हणते, 'उद्या सांगते हं,' कारण माझी ९:२० ची गाडी असते. उद्या तो येत नाही. माझ्या दोन कॉलेजांत मला दिसणारा सगळ्यात मोठा फरक हाच आहे. एका ठिकाणी कायमचे शिक्षक जास्त आहेत, तिथे स्टाफरूमच्या दारात मुलं उभी असतात. दुसरीकडे दार बंद.

घणसोली_गाव
मी टीवायला, तिसऱ्या वर्षाला आहे, मोठ्यांच्या चर्चेत बोलतोय, राग मानू नका.

फीडबॅक फॉर्म आम्ही भरतो. नॅकचा विद्यार्थी समाधानाचा सर्व्हे पण भरला. पण नंतर काय झालं ते कोणी सांगितलं नाही. एफवायला माझी गणितात केटी होती. पेपर कोराच दिला होता, कारण पहिला प्रश्न वाचूनच हातपाय गळाले. कॉलेजातली पहिली परीक्षा तीच होती. बारावीत बोर्डाला पेपर ठरलेला असतो, इथे काय विचारतील याची कल्पनाच नव्हती. कोणीतरी एक छोटी टेस्ट आधी घेऊन पेपर परत हातात दिला असता ना, तर मला कळलं असतं की लिहायचं कसं.

खाडीकाठ
@घणसोली_गाव, राग कसला? हे वाचून मी माझ्या वर्गातले कोरे पेपर आठवत बसले. इंटर्नल टेस्ट आम्ही गणपतीनंतर घेतो, पेपर तपासून परत देईपर्यंत सेमिस्टर संपत आलेलं असतं. तू लिहिलंस ते फार उपयोगी आहे, बाळा.

पुस्तकपेटी
नवी मुंबईत ग्रंथपाल आहे. 'वर्गात काय बदललं' याचं नाही, पण लायब्ररीत काय बदललं याचं उत्तर माझ्याकडे आहे.

आम्हीही आधी पुस्तकांची संख्याच मोजायचो. मग एकदा ठरवलं की दुसऱ्या एका कॉलेजच्या लायब्ररीत दिवसभर नुसतं काउंटरजवळ बसायचं. मोजायचं एकच. मुलाने पुस्तक मागितल्यापासून ते त्याच्या हातात पडेपर्यंत किती वेळ गेला, आणि 'नाही मिळणार' असं किती जणांना ऐकावं लागलं. मग त्यांच्या ग्रंथपालबाई आमच्याकडे येऊन बसल्या.

फरक सापडला तो अगदी साधा. परीक्षेच्या महिन्यात त्या क्रमिक पुस्तकांच्या प्रती आठ दिवसांसाठी घरी देत नसत. संध्याकाळी चारला न्यायची, सकाळी नऊला परत. एकच प्रत महिन्यात वीस मुलांच्या घरी जाऊन यायची. आम्ही ते उचललं आणि पहिल्या पंधरवड्यात तोंडावर आपटलं, कारण आमची पुष्कळ मुलं दिवा, मुंब्रा, कल्याणहून येतात. गाडी लेट झाली की दंड, दंड झाला की मूल पुस्तकच नेईना. मग वेळ अकरापर्यंत केली आणि तेवढ्यापुरता दंड काढून टाकला. तेव्हापासून नीट चाललंय. त्यांच्याकडची मुलं चालत येणारी होती, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

कोपरी_पूल
अवांतर, पण लोकलचा विषय निघालाच आहे म्हणून. माझी मुलगी दिघ्याहून येते. २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झालं तोवर ऐरोलीपर्यंत रिक्षा करायची. सातचा तास महिन्यातून निम्म्यांदा चुकायचा. आता वेळेवर पोहोचते. कॉलेजने काही केलं नाही, शिकवणं तेच, पण हजेरी वाढली. असलं काही तुमच्या तुलनेत धरता का?

मिसळपंथी
धरायलाच हवं. ऐरोली, रबाळे, घणसोलीकडच्या किती मुलांचं वेळापत्रक त्या एका लाइनवर चालतं!

वाशी_सेक्टर
इंजिनीअरिंगमध्ये आहे. आमच्याकडे नॅकसारखी एनबीए, अभ्यासक्रमांना मान्यता देणारी. भारत २०१४ च्या जूनमध्ये वॉशिंग्टन कराराचा (इंजिनीअरिंगच्या पदव्या देशादेशांत मान्य करण्याच्या) कायम सदस्य झाला, तेव्हापासून प्रत्येक विषयाला 'हा विषय शिकून मुलाला काय करता आलं पाहिजे' हे आधी लिहायचं आणि मग ते किती साधलं ते मोजायचं. कागदकाम भयंकर आहे, पण मी त्याच्या बाजूने बोलणार. उद्दिष्ट लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा आमच्या विभागातले चौघे एका टेबलाशी बसून 'आपण हा विषय नक्की कशासाठी शिकवतो' यावर भांडलो. नोकरीच्या इतक्या वर्षांत ते आधी झालं नव्हतं.

एक इशारा. मापदंड खालीही सरकतो. तंत्रशिक्षणाच्या एआयसीटीई या परिषदेचं शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:१५ होतं, ते १:२० झालं. मग 'आम्ही मापदंड पाळतो' म्हणणारी कॉलेजं वाढली आणि वर्गात मुलंही वाढली. म्हणून दुसऱ्याने ठरवलेल्या किमान रेषेला बेंचमार्क म्हणू नका.

मोजपट्टी
खाडीकाठ, तुम्ही संख्याशास्त्राच्या, म्हणजे हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो.

बर्कली विद्यापीठाची १९७३ ची प्रवेशाची आकडेवारी प्रसिद्ध आहे. अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. उघड भेदभाव वाटतो. पण विभागवार पाहिलं तर तसं चित्र दिसेना, काही विभागांत उलट स्त्रियांचं प्रमाण जास्त. स्त्रियांनी अर्ज केले होते ते जिथे सगळ्यांनाच प्रवेश अवघड होता अशा विभागांत. १९७५ मध्ये यावर 'सायन्स' मासिकात लेख आला.

दोन कॉलेजांच्या निकालाचं हेच आहे. खाडीपलीकडच्या कॉलेजची कटऑफ जास्त असेल तर त्यांचा निकाल चांगला येणारच, त्यात शिकवण्याचं श्रेय किती ते कळत नाही. बारावीच्या गणिताच्या गुणांप्रमाणे मुलांचे तीन गट पाडा आणि गटागटाची तुलना करा. पन्नासच्या खाली असलेलं मूल तुमच्याकडे आणि त्यांच्याकडे कुठवर पोहोचतं, ते बघा.

उपवन_तलाव
मोजपट्टी, गट पाडलेत तरी एक मोठं भोक राहतं. पहिल्या चार सेमिस्टरच्या परीक्षा कॉलेजं स्वतः घेतात. पेपर त्यांचा, तपासणारे त्यांचे. अभ्यासक्रम एक असला तरी पेपर एक नाही. उदार कॉलेज आणि कडक कॉलेज यांची तुलना कशी करणार?

बेलापूर_किल्ला
उपवनसर, हा मुद्दा बिनतोड आहे, आणि यावर उपायही जुना आहे. १८३२ साली इंग्लंडात डरहॅम विद्यापीठ निघालं, तेव्हा पदवीला वजन यावं म्हणून ऑक्सफर्डहून परीक्षक बोलावले. बाहेरचा परीक्षक ही तिथली रीत तिथून पुढे रुजली.

आपण इतकं करू शकतो. दोन्ही प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या. नाव आणि आसन क्रमांक झाकून पंचवीस-पंचवीस उत्तरपत्रिकांच्या प्रती अदलाबदल करा. त्यांच्या तुम्ही तपासा, तुमच्या त्यांनी. आधीचे गुण कोणालाच दिसू नयेत. मुलांच्या निकालाला हात लावायचा नाही, हे पहिल्या ओळीत लिहा. नंतर एका टेबलाशी बसा आणि जिथे गुणांत जास्त फरक पडला त्या पत्रिका वाचा.

आणि रबाळेसाहेब, कामाबाबत बघा हे तुमचं म्हणणं मला पटलं. मी माझा शब्द बदलतो.

रबाळे_एमआयडीसी
सर, मोठेपणा तुमचा. पत्रिका झाकायला दुहेरी स्टिकर वापरा, एकेरीतून आकडा दिसतो. अनुभव आहे.

ट्रान्सहार्बर
तपासणीत सीएचबीवाल्यांनाही बोलवा, आणि त्या वेळेचं मानधन द्या. एफवायला निम्मे तास आम्हीच घेतो.

खाडीकाठ
करते. परवानग्या मिळवायला वेळ लागेल. इथे येऊन सांगेन नक्की.

वर्तकनगर
वाट बघतोय. धागा वर आणत राहीन.

वर्तकनगर
दोन महिने झाले. खाडीकाठताई?

खाडीकाठ
आले, आले. पाडव्याची सुट्टी लागली आणि लिहायला बसले. झालं ते जसं झालं तसं सांगते.

परवानगीला पाच आठवडे लागले. आमच्या प्राचार्यांची भीती रास्त होती. 'आकडे बाहेर गेले आणि कोणी जाहिरातीत छापले तर?' मग दोन्हीकडून लिहून घेतलं की ही माहिती नॅक, एनआयआरएफचं सरकारी रँकिंग, जाहिरात, कशातच वापरायची नाही. हे लिहिल्यावर दोन्हीकडची माणसं मोकळेपणाने बोलायला लागली.

गट पाडले. वरच्या गटात दोन्ही कॉलेजांत फारसा फरक नाही. खालच्या गटात ते आमच्यापेक्षा सरस आहेत. म्हणजे मोजपट्टी म्हणाले तसा थोडा फरक कटऑफचा होता, पण सगळा नाही.

मग उत्तरपत्रिका. तीन शनिवार बसलो. गुण देण्यात आम्ही आणि ते जवळजवळ सारखेच निघालो, याचा मला फार आनंद झाला. फरक होता पेपरात. आमचा पहिलाच प्रश्न 'सिद्ध करा' असा होता. त्यांचा पहिला प्रश्न छोट्या उदाहरणांचा, मूल लिहितं होतं आणि मग पुढे अवघड. उपवनसर, तुमचं भोक खरंच होतं.

आणि कोरी पानं. आमच्याकडे खालच्या गटातल्या मुलांनी पानंच्या पानं कोरी सोडली होती. त्यांच्याकडे चुकीचं का होईना, लिहिलेलं होतं. कारण विचारलं तर त्यांच्या मॅडम म्हणाल्या, 'आम्ही तिसऱ्या आठवड्यात वीस मार्कांची टेस्ट घेतो, आठ दिवसांत तपासून परत देतो, मार्क कशातच धरत नाही.' मला घणसोलीचा मुलगा आठवला. त्याने जानेवारीत इथे हेच लिहिलं होतं. मी तीन महिने फिरून तिथेच पोहोचले, पण आता माझ्या हातात विभागाला दाखवायला पत्रिका आहेत.

राहिली ती न येणारी मुलं. आम्ही दोघी सहकारी यादी घेऊन फोनवर बसलो. काहींचे नंबर बंद. एक मुलगा भिवंडीच्या गोदामात रात्रपाळी करतो, सकाळी सातला तो घरी झोपायला जात असतो. दोन मुलींना वाटत होतं की केटी लागली म्हणजे कॉलेजातून नाव कटलं. राहिलेला विषय घेऊनही पुढे शिकता येतं, हा एटीकेटीचा नियम त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. आम्हीच सांगायला हवा होता. एकीची आई फोनवर रडली. दोघीही आता यायला लागल्यात.

घणसोली_गाव
मॅम, ते कटलं वालं मलाही वाटलं होतं. मला एका सीनियरने सांगितलं म्हणून वाचलो.

उपवन_तलाव
खाडीकाठ, रँकिंगला माझा विरोध कायम आहे. पण तुम्ही केलंत ते रँकिंग नाही. आमच्या विभागात निबंधाच्या उत्तरपत्रिकांची अशी अदलाबदल करायची आहे. भाषेत गुण देण्यात किती फरक पडतो हे बघायची मला थोडी धास्तीही वाटते. पत्रव्यवहाराचा नमुना पाठवाल का?

पुस्तकपेटी
टेस्ट उचलताना एक विचारून घ्या. त्यांच्या तुकडीत मुलं किती आणि आठ दिवसांत तपासतं कोण? आमच्या दंडासारखं व्हायला नको.

खाडीकाठ
विचारलं. त्यांच्या तुकडीत आमच्यापेक्षा मुलं कमी आणि तिघी कायमच्या शिक्षिका. आमच्याकडे एकशेवीसची तुकडी आणि दोघं सीएचबीवर. ट्रान्सहार्बर, तुमचं वाक्य मी बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवलं. सीएचबीच्या तासांत तपासणीचे तास धरायला मंजुरी मिळाली आहे, जुलैपासून. वीसऐवजी दहा मार्कांची टेस्ट घेऊ, म्हणजे आठ दिवसांत होईल. आणि एटीकेटीचा नियम एका पानावर, मराठीत, प्रवेशाच्या दिवशी पालकांच्या हातात.

ट्रान्सहार्बर
मॅडम, काय बोलू? जुलैत मी तिथे असेन की नाही ते ऑर्डर निघेपर्यंत माहीत नाही. असले तर पहिली टेस्ट मी तपासते.

खाडीकाठ
तुमच्यासाठी अर्ज मी स्वतः लिहिते. उपवनसर, नमुना व्यक्तिगत निरोपाने पाठवला आहे. येत्या शनिवारी दहा वाजता नेरूळचं एक कॉलेज पहिल्यांदा येतंय, त्यांच्या आणि आमच्या मिळून चाळीस पत्रिका आहेत. कोणाला नुसतं बघायला यायचं असेल तर कळवा. ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरायचं, दुपारचा डबा आमच्याकडे.

मिसळपंथी
डबा नको, येताना मिसळ मी आणतो. किती जण?